पार्किंगवरचं कापडी छत आणि लीडचे दोन गुण: एका हिशेबाचं प्रकरण

तीन मजली कार्यालयाची इमारत. लीड या हरित इमारतींच्या अमेरिकी मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीत, नवीन बांधकाम या गटात नोंदवलेली. आराखड्याच्या टप्प्यावर गुणांची बेरीज ५८ भरते आणि मालकाला सुवर्ण दर्जा हवा आहे, जो ६० पासून सुरू होतो. १६० गाड्यांचं पार्किंग उघड्यावर आणि डांबरी आहे, इमारतीच्या पोटातला चौकही उघडाच. अशा वेळी टेन्साइल, म्हणजे ताणलेल्या कापडाची, छतं बसवणारा पुरवठादार एक पत्रक टेबलावर ठेवतो: पार्किंगवर पांढरं कापड, चौकावर अर्धपारदर्शक कापड, पश्चिमेच्या काचांवर जाळी, आणि त्यातून ‘१२ गुणांपर्यंत’ फायदा. प्रश्न एवढाच की त्या १२ पैकी खरे किती.

प्रकरण नमुन्याचं आहे. क्षेत्रफळं हिशेब हाताने तपासता यावा म्हणून गोल धरली आहेत. सूत्रं, मर्यादा आणि अटी मात्र लीड ४ मधल्या आहेत.

पत्रक वाचण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. लीडमध्ये गुण इमारतीला मिळतात, मालाला नाही. ‘लीड प्रमाणित कापड’ असं काही नसतं. कापडाचं परावर्तन कितीही चांगलं असो, ते कशावर सावली टाकतं, किती क्षेत्रावर टाकतं आणि त्याचा चाचणी अहवाल कुठल्या रंगाचा आहे, यावर सगळं ठरतं. मोठी उदाहरणंही हेच सांगतात. अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमला २०१७ मध्ये ८८ गुणांसह प्लॅटिनम हा सर्वांत वरचा दर्जा मिळाला. त्याच्या छताला आणि भिंतींना ईटीएफई, म्हणजे प्रकाश सोडणारी पातळ प्लास्टिकची फिल्म, आहे, पण त्या गुणांमागे पावसाच्या पाण्याची प्रचंड टाकी आणि सुमारे ४,००० सौरपत्रे उभी आहेत. फोटोत मात्र ईटीएफईच दिसतं.

उष्णतेच्या बेटाचा हिशेब

कापडाला सर्वांत थेट जागा मिळते ती ‘उष्णता बेट कमी करणे’ (म्हणजे डांबर आणि छतं तापून आसपासपेक्षा गरम होणारी जागा थंड ठेवणे) या गुणात. दोन वाटा आहेत आणि त्यातली एकच निवडायची असते. दुसरी वाट सोपी दिसते: किमान ७५ टक्के गाड्या छताखाली आणा आणि त्या छताचा तीन वर्षं जुन्या अवस्थेतला एसआरआय (ऊन परत फेकण्याचा निर्देशांक, खुलासा पुढे) किमान ३२ ठेवा, जुना आकडा उपलब्ध नसेल तर नव्या अवस्थेत किमान ३९. १६० पैकी १२० गाड्या झाकल्या की काम झालं. पण या वाटेला एकच गुण आहे. ५८ अधिक १ म्हणजे ५९. सुवर्ण हुकतं.

पहिली वाट दोन गुणांची. तिथे पूर्ण जागेचा हिशेब मांडावा लागतो:

(छताबाहेरच्या उपायांचं क्षेत्र ÷ ०.५) + (परावर्तक छताचं क्षेत्र ÷ ०.७५) + (हिरव्या, म्हणजे झाडं लावलेल्या, छताचं क्षेत्र ÷ ०.७५) ही बेरीज, एकूण फरसबंदी अधिक एकूण छत, याच्याइतकी किंवा जास्त हवी.

आपल्या जागेवर पार्किंग ४,५०० चौरस मीटर, अंतर्गत रस्ते १,५००, पदपथ आणि अंगण १,२००. फरसबंदी झाली ७,२००. इमारतीचं छत, यंत्रांची जागा वगळून, २,८००. म्हणजे गाठायचा आकडा १०,०००. छत पूर्ण पांढरं आहे आणि सपाट छतासाठी लागणारा एसआरआय (नवा ८२, जुना ६४) त्याला मिळतो, म्हणून २,८०० ÷ ०.७५ = ३,७३३. उरले ६,२६७. छताबाहेरच्या उपायांना ०.५ ने भागायचं असल्याने प्रत्यक्ष क्षेत्र ३,१३४ चौरस मीटर लागेल. झाडांची सावली ६०० धरली आहे; लागवडीनंतर दहा वर्षांत जेवढा पसारा होईल तेवढाच धरता येतो. अंगणातल्या फिकट फरश्या ९००. बाकी तूट १,६३४ चौरस मीटर. ही तूट कापडाने भरायची आहे.

पुरवठादाराचा पहिला आराखडा असा: आमनेसामने चार-चार गाड्यांवर एक, अशी १० × १० मीटरची चौकोनी पालं, चारही कडांना तार, दोन कोपरे वर, दोन खाली. अशी १६ पालं म्हणजे १,६०० चौरस मीटर. तूट फक्त ३४ ची, ती दोन झाडांनी भरेल, असं पत्रकात लिहिलं आहे.

इथेच पहिली मोठी चूक आहे. ताणलेल्या कापडाची तारेवरची कड कधीच सरळ नसते. ती आत वळते, कारण आत वळल्याशिवाय तार कापडाचा ताण पेलूच शकत नाही. सर्वसाधारण वळण कडेच्या लांबीच्या दहाव्या भागाइतकं, म्हणजे १० मीटरच्या कडेला मध्यावर १ मीटर. एका कडेने खाल्लेलं क्षेत्र दोन-तृतीयांश × १० × १, म्हणजे ६.७ चौरस मीटर. चार कडांचं २६.७. शंभराच्या पालाची खरी सावली ७३.३ उरते. सोळा पालांची १,१७३. अगदी वीस पालं टाकून प्रत्येक गाडी ‘झाकली’ तरी १,४६६ च. तूट भरतच नाही. आणि वळण सर्वांत खोल कडेच्या मध्यावर असल्याने कडेला उभ्या गाड्यांचं नाक उन्हात राहतं ते वेगळंच.

वळण कमी का करत नाहीत? कारण तारेतला ताण कापडाचा ताण गुणिले वळणाची त्रिज्या असतो. वाऱ्यात कापड कडेला मीटरमागे ५ किलोन्यूटनने ओढतंय असं धरा. १ मीटर वळणाला त्रिज्या १३ मीटर, तारेत ६५ किलोन्यूटन. १६ मिलिमीटरची स्टेनलेस तार सहज पुरते. वळण निम्मं केलं की त्रिज्या २५ मीटरवर जाते आणि तारेतला ताण जवळपास दुप्पट होतो. वळण पूर्ण काढून टाकायचं म्हटलं तर तार जाते आणि तिच्या जागी पाइप येतो. तोच ५ किलोन्यूटन आता १० मीटरच्या पाइपला वाकवतो, मध्यावर ६२.५ किलोन्यूटन-मीटर. हातात मावणाऱ्या तारेचं काम करायला भरभक्कम चौकोनी पाइप लागतो. सरळ कड फुकट मिळत नाही, तिची किंमत पोलादात मोजावी लागते.

शेवटी जो आराखडा धरला तो मधला. दर १० मीटरवर एक कमान, ११ मीटर गाळ्याची (दोन पायांमधलं अंतर), म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा मीटर येण्याजाण्याच्या वाटेवर पुढे आलेली. ती वाटही डांबरीच, त्यामुळे ती सावलीही मोजली जाते. कापड कमानीला पट्टीने आवळलेलं, तिथली कड आपोआप सरळ. शेजारच्या दोन पालांचा ताण कमानीवर एकमेकांना तोलून धरतो, म्हणून मधल्या कमानी हलक्या राहतात. रांगेच्या दोन टोकांच्या कमानीच जड करून मागे ताणून बांधाव्या लागतात. तारेची कड फक्त वाटेकडच्या दोन बाजूंना. एका पालाची सावली ११० वजा १३.३, म्हणजे ९६.७.

वीस पालांची जागा आहे, पण दोन ठिकाणी अग्निशमनाची गाडी वळायला मोकळं आकाश ठेवावं लागतं. राहिली अठरा: १,७४०. त्यातली ९० चौरस मीटर झाडांच्या सावलीतच येते आणि एकच फरशी दोनदा मोजता येत नाही. निव्वळ १,६५०. तूट १,६३४ ची होती. म्हणजे उरतात १६ चौरस मीटर. एवढ्या काठावर कुणी फाइल पाठवू नये. झाडांचं एक बेट हललं, एक झाड वगळलं की हिशेब बुडाला. म्हणून अंतर्गत रस्त्यातले, कापडापासून लांबचे ३०० चौरस मीटर डांबराऐवजी फिकट काँक्रीटचे केले, नव्या अवस्थेत किमान ०.३३ एसआरचे (एसआर म्हणजे सूर्यऊर्जा परत फेकण्याचं प्रमाण). अंतिम मांडणी: ६०० + ९०० + १,६५० + ३०० = ३,४५०; त्याला ०.५ ने भागून ६,९००; अधिक ३,७३३ = १०,६३३. सहा टक्के मोकळीक.

दर मात्र २,२०० चौरस मीटर कापडाचा आलेला असतो. ते चूक नाही. कमानीची उंची २ मीटर असेल तर ११ मीटरच्या गाळ्यावर कापड जवळपास १२ मीटर लांब पडतं, शिवाय जोडांचे पदर आणि वाया जाणारे तुकडे. पण तो आकडा खरेदीचा. गुणाच्या तक्त्यात वरून पाहिलेली, फरसबंदीवर पडणारी सावलीच जाते.

इथे एक कबुली देऊन टाकलेली बरी. केवळ गुणांकडे बघायचं तर पार्किंगवर सौरपत्र्यांची शेड कापडाला हरवते. तीही सावली म्हणून याच सूत्रात बसते आणि वर वार्षिक ऊर्जाखर्चाच्या १, ५ किंवा १० टक्के वीज निर्माण केली तर एक, दोन किंवा तीन गुण वेगळे देते. कापड निवडायचं ते गाळा मोठा हवा, खांब कमी हवे, उजेड हवा किंवा सौरपत्र्यांचा खर्च आज पेलत नाही म्हणून. या प्रकल्पात शेवटचं कारण होतं. दक्षिणेकडच्या रांगेच्या खांबांत वायरचे पाइप तेवढे घालून ठेवले.

एसआर, एसआरआय आणि चुकीचा कागद

पहिल्या वाटेत सावलीच्या कापडाला एसआर लागतो: तीन वर्षांनंतर किमान ०.२८, तो नसेल तर नवा किमान ०.३३. दुसऱ्या वाटेत एसआरआय लागतो. दोन्ही वेगळे. एसआर म्हणजे पडलेल्या सूर्यऊर्जेपैकी परत फेकलेला भाग. एसआरआयमध्ये पृष्ठभाग उष्णता किती बाहेर टाकतो हेही येतं आणि तो एएसटीएम ई१९८० प्रमाणे काढतात. काळ्या प्रमाणाला शून्य, पांढऱ्याला शंभर.

पुरवठादाराने जोडलेल्या पत्रकात ‘अतिनील किरण रोखणे ९९ टक्के’ आणि ‘सावली ९२ टक्के’ असे दोन आकडे होते. दोन्हींचा इथे उपयोग नाही. काळं कापडही अतिनील किरण रोखतं आणि दाट सावली देतं. ते फक्त स्वतः तापतं आणि खाली उष्णता सोडतं. अशा पत्रकावर गुण मागितला की परीक्षक प्रश्न विचारतो आणि एक फेरी वाया जाते.

चाचणी कशी केली हेही बघावं लागतं. पांढरं पीव्हीसी कापड थोडा प्रकाश आरपार सोडतं. हातातल्या परावर्तनमापकाने (एएसटीएम सी१५४९) अशा नमुन्याखाली पांढरा कागद ठेवून मोजलं, तर आरपार गेलेला प्रकाश कागदावरून उलटून परत येतो आणि आकडा फुगतो. गोलकातली चाचणी (एएसटीएम ई९०३) परावर्तन आणि पारगमन वेगवेगळं देते. परावर्तन, पारगमन (आरपार गेलेला भाग) आणि शोषण या तिन्हींची बेरीज एक यायला हवी: परावर्तन ०.७२, पारगमन ०.१०, तर शोषण ०.१८. अहवालात तिन्ही मिळून १.०८ येत असेल तर काहीतरी गडबड आहे. जाळीदार शेडनेटचं प्रकरण आणखी नाजूक, कारण भोकांमधून दिसणारी पार्श्वभूमीही मोजली जाते. त्यामुळे जाळीसाठी ‘धाग्याचा रंग फिकट आहे’ एवढं पुरत नाही, विणलेल्या जाळीचाच अहवाल हवा.

०.२८ ही मर्यादा तशी ढिली आहे. पांढरं, दुधी, फिकट वाळूच्या रंगाचं कापड आरामात पार होतं. प्रकरण फसतं ते खरेदीच्या वेळी. नमुना पांढरा मंजूर होतो, अहवाल पांढऱ्याचा जोडला जातो, मग कुणीतरी सुचवतं की पांढऱ्यावर धूळ दिसते, गडद करडं घ्या. या प्रकल्पात ही सूचना मालकाच्या बैठकीत आली आणि मागणीपत्रात रंगाचा क्रमांक बदललाही गेला. गडद करड्या छटा बहुतेक वेळा ०.३३ च्या खाली असतात. तसं झालं असतं तर १,६५० चौरस मीटर एका फटक्यात शून्य, बेरीज ७,३३३ वर, गुण गेला. बदल लक्षात आला तो कापड कापायच्या आधी, म्हणून निभावलं. तोडगा सोपा होता: वर पांढरं, खाली करडं असं दोन रंगांचं कापड मिळतं. आकाशाकडची बाजू मोजली जाते. मात्र शिवताना तुकडे उलटे लागू नयेत म्हणून प्रत्येक तुकड्याच्या वरच्या बाजूला कारखान्यात खूण करून घेतली. हे क्षुल्लक वाटतं, पण उलटा लागलेला तुकडा सापडतो तो उभारणीच्या दिवशी, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरत नाही.

चौक: जिथे कापडाने गुण गेले असते

पत्रकात चौकावर पीटीएफई (टेफ्लॉन) लेप असलेलं काचतंतूंचं कापड होतं आणि त्यापुढे ‘दिवसाचा उजेड, ३ गुणांपर्यंत’. कापड उत्तमच आहे. पंचवीस-तीस वर्षं टिकतं, पेट घेत नाही, मळ धरत नाही. डेन्वर विमानतळाचं छत १९९५ पासून त्याचंच आहे. पण गुण मोजतात नियमित वापराच्या खोल्यांतला उजेड. चौकात कुणाचं टेबल नाही. चौकाभोवतीच्या खोल्या मात्र त्याच चौकातून उजेड घेतात, आणि वरचं कापड सुमारे १२ टक्केच प्रकाश आत सोडतं. म्हणजे त्या खोल्यांच्या वाट्याचं आकाश जवळपास आठव्या हिश्शावर येतं.

या इमारतीत वर्षभराच्या गणनेत (एसडीए, म्हणजे वापराच्या निम्म्या तासांत किमान ३०० लक्स उजेड मिळणारं क्षेत्र) ५७ टक्के क्षेत्र पात्र ठरत होतं. मर्यादा ५५ ची, दोन गुण. आणि हे दोन गुण ५८ मध्ये आधीच धरलेले होते. चौक झाकला असता तर ते गेले असते. पत्रकात अधिक तीन, प्रत्यक्षात उणे दोन.

ईटीएफईच्या फुगवलेल्या गाद्यांनी उजेड वाचला असता. पण मग चौक बंदिस्त होतो, उन्हाची उष्णता अडकते, छपाईची नक्षी द्यावी लागते, गाद्यांत २०० ते ३०० पास्कल दाब टिकवायला पंखा सतत चालवावा लागतो, आणि हे सगळं इमारतीच्या ऊर्जावापराच्या संगणकीय प्रतिमानात दाखवावं लागतं. एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारल्यावर खरं कारण कळलं: दुपारी चौकातल्या बाकांवर ऊन येतं. त्याला पूर्ण चौकाचं छत नको. चौकाच्या एका कोपऱ्यात, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांच्या खाली, तीन मीटर उंचीवर एक छोटं पाल लावलं. उजेडाची गणना पुन्हा केली, ५६ आली. गुण शाबूत.

पश्चिमेच्या काचांवरच्या जाळीबद्दल थोडक्यात. बाहेर, कायम बसवलेली जाळी ऊन काचेवर पोचण्याआधीच अडवते, त्यामुळे थंडाव्याचा भार खरोखर कमी होतो आणि तो ॲशरे ९०.१-२०१० या अमेरिकी ऊर्जा-मानकाच्या परिशिष्ट जी प्रमाणे दाखवता येतो. हाताने वर-खाली करायच्या पडद्यांचा फायदा त्या हिशेबात मिळत नाही. मात्र दर्जेदार दृश्याच्या गुणात काचेतून बाहेरचं चित्र स्पष्ट दिसायला हवं, तंतूंनी किंवा नक्षीने अडलेलं नको, अशी अट आहे. ७५ टक्के क्षेत्राला तसं दृश्य मिळत नसेल तर जाळी एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकते. इथे जाळी फक्त जिन्याच्या आणि छपाईखोलीच्या काचांवर ठेवली. ऊर्जेत वाढीव गुण आला नाही. तो धरलाही नाही.

पाणी आणि पाया

अठरा पालांवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर १,७४० × ०.०२५ × ०.९, म्हणजे सुमारे ३९ घनमीटर पाणी. डांबरावरून वाहणाऱ्या पाण्यापेक्षा ते स्वच्छ, त्यात तेल नाही. तरीही पावसाच्या पाण्याच्या व्यवस्थापनाचा गुण छताने आपोआप मिळत नाही. खाली डांबर होतं, वर कापड आलं. दोन्हींत पाणी मुरत नाही. पाणी साठवलं किंवा मुरवलं तरच फरक.

बागेच्या पाण्याच्या गुणात एक खाच आहे जी भल्याभल्यांना अडवते. तिथला हिशेब वर्षाचा नसतो. ज्या महिन्यात बागेला सर्वाधिक पाणी लागतं त्या महिन्याचा असतो, आणि तो महिना बहुधा कोरडा असतो. पावसात ओसंडणारी टाकी त्या महिन्यात रिकामी असेल तर तिचा उपयोग शून्य. या जागेवर त्या महिन्याची मूळ गरज १८० घनमीटर. झाडांची निवड आणि ठिबक यांनी ४० टक्के कमी झाली. एका गुणासाठी ५० टक्के हवे, म्हणजे आणखी १८ घनमीटर. ४० घनमीटरची टाकी, तिचा निम्मा भाग त्या महिन्यासाठी राखून ठेवायचा, राखीव पातळीवर पंपाला तोडणारा फ्लोट स्विच. तो स्विच नसता तर माळ्याने दोन महिने आधीच टाकी संपवली असती. एक गुण मिळाला.

पाणी टाकीपर्यंत पोचवणं मात्र कटकटीचं. वळलेल्या तारेच्या कडेवरून पाणी एका बिंदूकडे न जाता अख्ख्या कडेने गळतं. म्हणून कडेपासून ३०० मिलिमीटर आत, कापडावर जाड दोरीचा बांध वेल्ड करून पाणी कमानीच्या पायाशी वळवलं, तिथे खांबाच्या आत नळ, तोंडाशी पानं अडवणारी टोपली. टोपली हाताला पोचेल अशा उंचीवर हवी. पोचत नसेल तर ती कुणी साफ करत नाही, तुंबते, आणि पाणी पुन्हा कडेवरून गाड्यांवर.

तुंबण्यापेक्षा वाईट म्हणजे पाणी साचणं. खर्च वाचवायला कमानीची उंची २ मीटरवरून १ वर आणायचा प्रस्ताव आला होता. कमान चपटी झाली की दोन कमानींच्या मधोमध माथ्यावरचं कापड जवळपास सपाट होतं. कापड सैल पडलं की तिथे खळगा, खळग्यात पाणी, पाण्याच्या वजनाने खोल खळगा. तीन मीटर व्यासाचा, मध्यावर दहा सेंटिमीटर खोल खळगा म्हणजे साधारण ३५० किलो पाणी, आणि खाली कापड चौरस मीटरला एक किलोच्या आतबाहेर. प्रस्ताव मागे घेतला.

‘कापड हलकं म्हणून पाया हलका, म्हणून कार्बन कमी’ हेही पत्रकात होतं. पहिला तुकडा खरा, पुढचे नाहीत. उघड्या छताला वारा खालून उचलतो. ९७ चौरस मीटरच्या पालावर एक किलोपास्कल उचल धरली तर ९७ किलोन्यूटन वर. तिला धरून ठेवायला काँक्रीटचं नुसतं वजनच वापरायचं म्हटलं तर ४ घनमीटर, सुरक्षिततेचा गुणक न धरता. जड छताचं स्वतःचं वजन या कामी येतं. कापडाचं येत नाही. इथे माती चांगली होती, म्हणून मोठ्या ठोकळ्यांऐवजी जमिनीत फिरवून बसवायचे स्क्रू पाइल घेतले आणि प्रत्येक रांगेत एक ओढून तपासला. सिमेंट वाचलं ते त्यामुळे, कापडामुळे नाही.

मालाचे कागद

पर्यावरण घोषणापत्राच्या (उत्पादनाचा पर्यावरणावरचा परिणाम मांडणाऱ्या कागदाच्या) गुणासाठी वीस वेगवेगळी उत्पादनं, किमान पाच उत्पादकांची. त्या कापडाचं स्वतंत्र, तिसऱ्या पक्षाने तपासलेलं घोषणापत्र असेल तर वीसमधलं एक पूर्ण. उद्योगाचं सामाईक असेल तर अर्धं. बस. पार्किंगच्या छतासाठी कमी उत्सर्जनाचा गुण मागणं व्यर्थ, तो इमारतीच्या आतल्या हवेचा आहे.

‘पूर्णपणे पुनर्वापर होणारं’ या शब्दांना पुरावा मागावा. पीव्हीसी आणि पॉलिएस्टर वेगळे करता येतात हे खरं, पण ते करणारा कारखाना चालू हवा. इटलीत फेरारा इथला पीव्हीसीचा पुनर्वापर करणारा व्हिनिलूपचा कारखाना २०१८ मध्ये बंद झाला. युरोपच्या रसायन नियमांत जुन्या पीव्हीसीतले थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) अडसर ठरले. जुनी पत्रकं अजून अशा सोयींच्या भरवशावर छापलेली सापडतात.

फाइलमध्ये काय गेलं

बारापैकी तीन गुण टिकले: उष्णता बेटाचे दोन, बागेच्या पाण्याचा एक. बेरीज ६१. फाइलमध्ये रंगवलेला जागेचा नकाशा गेला, ज्यात झाड, कापड, फिकट फरशी आणि डांबर वेगळे दिसतात आणि झाड-कापड एकत्र येणारी ९० चौरस मीटर रेघा मारून वगळलेली आहे. पालाचं क्षेत्र वळणासकट रेखाटलेलं, चौकोन म्हणून नाही. सोबत रंगक्रमांकासह चाचणी अहवाल, त्याच क्रमांकाचं मागणीपत्र आणि कापडाच्या गुंडाळीवरच्या लेबलाचा फोटो. हे तिन्ही क्रमांक जुळले की परीक्षकाकडे विचारायला फारसं उरत नाही.

उभारणीनंतर पहिल्या वर्षात कापड सैलावतं, म्हणून तीन आणि बारा महिन्यांनी टर्नबकल (ताण कमी-जास्त करायचा आट्यांचा दुवा) फिरवून पुन्हा ताण द्यायचं काम पुरवठादाराच्याच करारात घातलं. फिरवायला शिल्लक आटे राहतील अशी लांबी सुरुवातीलाच ठेवावी लागते. उभारणीच्या दिवशीच टर्नबकल शेवटपर्यंत आवळलेला दिसला तर कापड मोठं कापलं गेलंय असं समजावं. धुणं वर्षातून दोनदा, मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने. पातळ करायचं रसायन वापरलं की वरचा पीव्हीडीएफचा संरक्षक थर जातो आणि मग मळ कायमचा बसतो. जोडांवर जोराच्या फवाऱ्याची पिचकारी धरू नये. धुतलेलं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून खांबाच्या नळाला तळाशी एक फिरवता येणारा तुकडा बसवला आहे. धुण्याच्या दिवशी तो बाहेरच्या गटाराकडे वळवायचा आणि काम संपलं की परत टाकीकडे.